बेसमेंटच्या भिंतीखालचे साधे लाकूड: ओल, कूज आणि दुरुस्तीचा क्रम

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत बेसमेंटचा खरा उपयोग वर्षातून एकदा, गणपतीत होतो. पाहुण्यांच्या गाद्या खाली पडतात, मुले खाली खेळतात, मखराचे सामान खालूनच वर येते. ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा असते, दार पुष्कळ दिवसांनी उघडलेले असते आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरच्यांना कुबट वास जाणवतो. २०२१ साली १ सप्टेंबरच्या रात्री इडा वादळाचा पाऊस झाला आणि १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्या शरद ऋतूत मी जितक्या भिंतींचे ड्रायवॉल, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे तक्ते, खालून कापले तितके त्याआधीच्या काही वर्षांत मिळून कापले नसतील. स्वतःच्या आणि स्नेह्यांच्या घरांतली ही दुरुस्ती मी गेली सोळा वर्षे करत आलो आहे, आणि बहुतेक वेळा दोष एकच निघतो: भिंतीच्या सांगाड्याची सर्वांत खालची आडवी फळी, म्हणजे बॉटम प्लेट, साध्या लाकडाची असते आणि ती थेट काँक्रीटवर ठेवलेली असते.

साधे लाकूड म्हणजे कूज आणि वाळवी यांपासून रक्षण करणारी रसायने दाबाखाली न मुरवलेले लाकूड; ती मुरवलेल्या लाकडाला ट्रीटेड म्हणतात. अमेरिकेत घरांचे सांगाडे स्प्रूस, पाइन किंवा फर यांच्या अशाच फळ्यांचे असतात आणि वरच्या मजल्यांवर ते योग्यही आहे. बेसमेंटची फरशी मात्र जमिनीला चिकटलेली असते. काँक्रीट दिसायला कोरडे असले तरी त्यातील सूक्ष्म छिद्रांतून ते जमिनीतील ओल वर ओढत राहते, आणि वर टेकलेले लाकूड ती ओल शोषून घेते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभे करत, त्यामागेही हाच विचार होता. लाकूड आणि जमिनीची ओल यांच्यामध्ये पाणी सहजी न ओढणारे काहीतरी असलेच पाहिजे.

साधे लाकूड सापडले म्हणून सगळी भिंत पाडायलाच हवी, असे मात्र नाही. मी तपासलेल्या कितीतरी भिंतींत खालची फळी वीस-पंचवीस वर्षांनंतरही ठणठणीत निघाली, कारण तिच्यापर्यंत पुरेसे पाणी कधी पोहोचलेच नव्हते. उलट एका घरी कंत्राटदाराने कुजलेली फळी काढून उत्तम ट्रीटेड फळी बसवली, पण बाहेरची तुटलेली पन्हळ तशीच ठेवली. दोन वर्षांत नवी फळी शाबूत होती आणि तिच्यावरचे उभे दांडे, म्हणजे स्टड, काळे पडले होते. म्हणून तपासणीत आधी पाण्याचा माग काढावा आणि लाकडाकडे नंतर वळावे.

लक्षणे

पुढील लक्षणांपैकी एखादे एकटे दिसले तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन एकाच जागी जुळली तर तपासणी सुरू करावी.

- बेसबोर्डजवळ, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी ठोकलेल्या पट्टीजवळ, खाली वाकले असता कुबट वास तीव्र होतो, विशेषतः भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे किंवा सोफ्यामागे.
- बेसबोर्ड फुगलेला दिसतो, त्याच्या रंगाचे पोपडे सुटतात, कोपऱ्यातील सांधे उघडतात आणि खिळ्यांच्या जागी तांबूस डाग उमटतात.
- ड्रायवॉलचा खालचा भाग बोटाने दाबल्यास मऊ लागतो. भिंतभर एकाच उंचीवर तपकिरी रेघ असेल तर कधीतरी पाणी साचले होते असे समजावे; डाग ढगांसारखे वेडेवाकडे असतील तर ओल हळूहळू आणि ठरावीक जागी येत आहे.
- गालिचा असल्यास त्याची कड पकडून धरणाऱ्या खिळेपट्टीचे खिळे गंजलेले असतात. हा पुरावा सहसा कोणी पाहत नाही. पण गंज एका दिवसात चढत नाही, त्यामुळे किती जागेत आणि किती काळ ओल होती हे या खिळ्यांवरून कळते.
- उघड्या काँक्रीटवर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, दिसतो. काँक्रीटमधून पाणी बाहेर येऊन वाळले की क्षार मागे उरतात.
- बेसमेंटमधील आतल्या दाराची चौकट ओळंब्यात राहत नाही आणि दार अडकू लागते, कारण खालची फळी मऊ होऊन दबलेली असते.

भिंतीवर किंवा फळीवर पेन्सिलीइतक्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ते वाळवीचे मार्ग आहेत. अशा वेळी पुढील तपासण्या थांबवून परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे. नळ्या लगेच पुसू नयेत, कारण वाळवी कुठून येते हे त्याला त्यांवरूनच कळते.

पहिली तपासणी: वासाची आणि पावसाची नोंद

या तपासणीसाठी एक वही आणि दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक पुरतो. दोन-तीन आठवडे रोज पाऊस पडला का, आतली आर्द्रता किती होती आणि वास कमी होता की जास्त, एवढेच लिहावे. बेसमेंटमध्ये पाणी साधारणपणे तीन वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेचा उपाय निराळा असतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची. पावसानंतर एक-दोन दिवसांत वास वाढत असेल तर पाणी बाहेरून झिरपत आहे. पाऊस नसतानाही जुलै-ऑगस्टमध्येच वास येत असेल तर बाहेरची उष्ण, दमट हवा थंड काँक्रीटवर घामासारखी साकळत आहे. ऋतू कोणताही असो, वास कायम असेल तर जमिनीखालची ओल किंवा गळणारी नळी यांचा संशय घ्यावा.

आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर आधी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओल काढून घेणारे यंत्र, लावावा, त्याची नळी थेट मोरीत किंवा संप पंपाच्या, म्हणजे फरशीखाली साचणारे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यात सोडावी आणि आकडा ५० च्या आसपास आणावा. उन्हाळ्यात खिडक्या उघडून बेसमेंट हवेशीर करण्याची आपली सवय येथे उलटी पडते, कारण बाहेरच्या दमट हवेमुळे आतली ओल वाढतेच. काही घरांत एवढ्याने काम भागले आणि करवत काढावीच लागली नाही.

दुसरी तपासणी: घराबाहेरची फेरी

छत्री घेऊन भर पावसात घराभोवती एक फेरी मारावी. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ६२० गॅलन, म्हणजे २,३०० लिटरहून अधिक पाणी खाली येते. पन्हळ तुंबलेली असेल किंवा तिची उभी नळी भिंतीच्या पायथ्याशीच संपत असेल, तर ते सगळे पाणी पायाच्या भिंतीलगत मुरते. नळीला जोड देऊन पाणी भिंतीपासून पाच-सहा फूट दूर सोडावे. घराबाहेरच्या जमिनीचा उतार पहिल्या दहा फुटांत सहा इंच असावा, असा अमेरिकेतील निवासी बांधकाम नियमांचा दंडक आहे. नव्या घरांच्या पायाभोवतीचा भराव काही वर्षांत खचतो आणि उतार उलटा, घराकडे होतो. पाणसळ व लांब सरळ पट्टी घेऊन तो मोजावा, नजरेवर विसंबू नये. फुलझाडांच्या वाफ्यांची कड, मल्चचा, म्हणजे मातीवर पसरायच्या लाकडाच्या सालपटांचा, ढीग, खिडकीबाहेरच्या खड्ड्यात साचलेली पाने आणि भिंतीकडे तोंड केलेले बागेचे तुषार-नळ, यांतील काही आढळले तर त्याच दिवशी दुरुस्त करावे.

ही दुरुस्ती झाल्यावर निदान दोन मोठे पाऊस पाहावे आणि त्यानंतरच भिंतीला हात लावावा.

तिसरी तपासणी: बेसबोर्ड काढून पाहणे

बेसबोर्डच्या वरच्या कडेवरील रंगाची रेघ धारदार सुरीने कापावी आणि चपट्या पहारेने बेसबोर्ड हळूच सोडवावा, म्हणजे तो पुन्हा वापरता येतो. ड्रायवॉल फरशीपासून थोडे उचलून बसवलेले असेल तर खालची फळी तेवढ्या फटीतून दिसते. नसेल तर बेसबोर्डमागे झाकली जाईल अशी तळहाताएवढी खिडकी कापावी. कापण्यापूर्वी त्या भागाची वीज मुख्य फलकावरून बंद करावी.

फळी साधी की ट्रीटेड, हे रंगावरून नेहमी ठरत नाही. तांब्याची संयुगे असलेले लाकूड हिरवट दिसते, पण तपकिरी रंग दिलेलेही मिळते, आणि बोरेट (बोरॉनचे क्षार) मुरवलेले लाकूड निळसर किंवा जवळजवळ नैसर्गिक रंगाचे असू शकते. फळीच्या टोकाला ठोकलेली प्लास्टिकची चिठ्ठी शोधावी. शिक्का वाचताना एक चूक फार वेळा होते. ‘केडी-एचटी’ या अक्षरांतील ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, जी लाकडातील कीड मारण्यासाठी केलेली असते; तिचा कुजण्यापासून संरक्षणाशी काही संबंध नाही. ‘शिक्क्यावर ट्रीटेड लिहिले आहे’ असे मला ज्यांनी सांगितले, त्यांतील बऱ्याच जणांनी हाच शिक्का पाहिला होता.

नंतर फळीखाली काय आहे ते पाहावे. निळ्या किंवा गुलाबी फोमची पातळ पट्टी दिसली तर ती सिल सील होय. अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे नियम ज्यावर बेतलेले आहेत त्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’नुसार, जमिनीला लागून असलेल्या काँक्रीटच्या फरशीवरील फळ्या एकतर ट्रीटेड किंवा नैसर्गिकरीत्या टिकाऊ लाकडाच्या असाव्या लागतात, नाहीतर फळी आणि फरशी यांच्यामध्ये ओल पार होऊ न देणारा थर असावा लागतो. म्हणजे साध्या फळीखाली असा अखंड थर असेल तर ते बांधकाम मुळात चुकीचे नसते. हा थर सापडला आणि फळीही टणक असली तर बेसबोर्ड परत लावून टाकावा.

फळीच्या टणकपणाची परीक्षा साध्या स्क्रूड्रायव्हरने होते. टोक फळीच्या कडेला, फरशीलगत, जोर देऊन टोचावे आणि थोडे वर उचकटावे. चांगल्या लाकडाचा लांब, धागेदार कपचा निघतो आणि निघताना चर्र आवाज होतो. कुजलेले लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यांत मोडते आणि पुष्कळदा त्याला चौकोनी भेगा पडलेल्या असतात. दर दोन फुटांवर अशी परीक्षा घ्यावी, कारण कूज सलग पसरलेली नसते. ती कोपऱ्यांत, खिडकीखाली आणि बाहेरच्या पन्हळीच्या नळीच्या बरोबर आतल्या बाजूला जास्त आढळते.

चौथी तपासणी: ओलावामापक

दोन टोकदार सुया असलेला ओलावामापक तीस-चाळीस डॉलरला मिळतो आणि या कामात त्याच्याइतके उपयोगी दुसरे हत्यार नाही. आधी छताच्या उघड्या तुळईत सुया रोवून कोरड्या लाकडाचा आकडा घ्यावा आणि मग खालच्या फळीचा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीची वाढ होत नाही. तो २८ ते ३० टक्क्यांच्या वर गेला की लाकडाचे तंतू पूर्ण भिजतात आणि कूज वेग धरते. कुजलेले पण आता कोरडे असलेले लाकूड पाहून लोक ‘सुकी कूज’ म्हणतात. ती कूजसुद्धा लाकूड ओले असतानाच लागलेली असते.

एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. फळीचा तळ, फळीची वरची बाजू आणि त्यावरील स्टड फरशीपासून एक फूट उंचीवर, असे तीन आकडे लिहून ठेवावेत. तळ ओला आणि वर कोरडे असेल तर ओल फरशीतून येत आहे. स्टडची मागची बाजूही ओली असेल तर झिरपलेले पाणी किंवा साकळलेले बाष्प पायाच्या भिंतीकडून येत आहे. ट्रीटेड लाकडातील तांब्याच्या क्षारांमुळे मापक थोडा जास्त आकडा दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी तपासणी: फरशीवर प्लास्टिक

उघड्या काँक्रीटवर १८ इंची चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेपने घट्ट चिकटवून निदान सोळा तास ठेवावे. मी दोन-तीन दिवस ठेवतो. प्लास्टिकच्या खाली थेंब किंवा काँक्रीटवर काळसर डाग दिसला तर ओल जमिनीतून वर चढत आहे. प्लास्टिकच्या वर ओलसरपणा असेल तर तो हवेतील बाष्पाचा आहे आणि डिह्युमिडिफायर कमी पडत आहे. रंगवलेल्या किंवा सीलर लावलेल्या फरशीवर या चाचणीचा काही अर्थ उरत नाही.

सहावी तपासणी: भिंत खालून उघडणे

येथून खर्च आणि धूळ दोन्ही सुरू होतात. ड्रायवॉल फरशीपासून सोळा इंचांवर आडवे कापावे, करवतीचे पाते ड्रायवॉलच्या जाडीएवढेच आत जाईल असे धरावे, कारण मागे विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या असतात. एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा आवश्यक आहे. वरच्या मजल्याकडे जाणारे दार आणि गरम-थंड हवेच्या झडपा प्लास्टिकने बंद कराव्यात, नाहीतर बुरशीचे बीजाणू घरभर जातील.

आत पुष्कळदा असे चित्र दिसते: काँक्रीटला टेकलेला पिवळा किंवा गुलाबी फायबरग्लास, त्याच्यावर ड्रायवॉलमागे ताणलेले प्लास्टिक, आणि दोघांच्या मध्ये कोंडलेली ओल. फायबरग्लासमधून हवा सहज पार होते, त्यामुळे खोलीतील बाष्प थंड काँक्रीटपर्यंत पोहोचून तेथे पाणी बनते आणि ओघळून खालच्या फळीवर साचते. प्लास्टिकमुळे ते परत वाळत नाही. अशा भिंतीत फळी बदलली आणि फायबरग्लास पुन्हा तसाच लावला तर दोष परत येणारच.

बुरशी लागलेली जागा दहा चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण तीन फूट लांब-रुंद चौकोनापेक्षा कमी असेल तर ती घरच्या घरी साफ करता येते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन आहे. त्याहून मोठी असेल तर काम थांबवून बुरशी निवारणाच्या जाणकाराला बोलवावे. हीच गोष्ट सांडपाण्याने भिजलेल्या भिंतीची. घर १९८० च्या आधीचे असून फरशीवर नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल किंवा नळ्यांवर पांढरे पांघरूण असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते हलवू नये, फोडू नये. आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

करवत घेण्यापूर्वी: ही भिंत भार घेते का?

ज्याला या एका प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येत नाही त्याने एकही फळी कापू नये. पायाच्या काँक्रीट भिंतीच्या आत, तिला समांतर उभारलेला सांगाडा बहुधा केवळ ड्रायवॉल धरण्यासाठी असतो; घराचा भार वरच्या तुळयांमधून थेट पायाच्या भिंतीवर जातो. बेसमेंटच्या मधोमध असलेली भिंत मात्र संशयास्पद समजावी. तुळया तिला काटकोनात असतील, तिच्यावर येऊन त्यांचे सांधे जुळत असतील किंवा तिच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावरही भिंत असेल, तर ती भार घेणारी आहे असेच धरावे. उतारावरच्या घरांत बेसमेंटमधून थेट मागच्या अंगणात दार उघडते. त्या बाजूला पायाची भिंत नसते आणि लाकडी भिंतच घर तोलून धरते. तेथे आधार दिल्याशिवाय खालची फळी काढणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोंधळ टाळावा. पायाच्या काँक्रीट भिंतीच्या माथ्यावर, तुळयांच्या खाली, एक आडवी फळी असते. सुतार तिला सिल प्लेट किंवा मडसिल म्हणतात. ती किंवा तुळयांची टोके कुजलेली आढळली तर ते संरचना अभियंत्याचे काम आहे. पायाच्या भिंतीत आडवी भेग असेल, ती आत फुगली असेल किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग उतरत असेल, तर त्यालाच बोलवावे. जलरोधनाची कामे घेणाऱ्या कंपनीच्या मोफत पाहणीआधी काही शे डॉलर देऊन स्वतंत्र अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याला आपल्याला काहीच विकायचे नसते. कोलोरॅडोसारख्या फुगणाऱ्या मातीच्या प्रदेशात बेसमेंटमधील भिंती फरशीपासून मुद्दाम अधांतरी ठेवतात; तेथील स्थानिक पद्धत मोडू नये.

निदानानुसार दुरुस्ती

फळी टणक आणि ओलावा १६ टक्क्यांच्या आत असेल तर ती तशीच ठेवावी. टणक पण ओलसर असेल तर पाण्याची वाट बंद करून, भिंत उघडी ठेवून पंखा आणि डिह्युमिडिफायर लावावा, आणि लाकूड कोरडे झाल्यावर सर्व उघड्या बाजूंना बोरेटचे द्रावण लावावे. बोरेट कूज आणि वाळवी दोन्हींना रोखते, मात्र सतत पाणी लागत राहिले तर ते धुपून निघून जाते. त्यामुळे पाणी न थांबवता नुसते बोरेट लावणे व्यर्थ आहे.

फळी कुजली असून भिंत भार घेणारी नसेल, तर फळी बदलावी लागते. टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयात फोन करून परवाना लागतो का ते आधी विचारावे. काम एका वेळी सहा ते आठ फुटांच्या टप्प्यात करावे. त्या टप्प्यातील सर्व स्टडना, फरशीपासून फूटभर उंचीवर, एक आडवी फळी स्क्रूने जोडावी, म्हणजे खालचा आधार गेल्यावरही ते जागचे हलत नाहीत. मग रेसिप्रोकेटिंग करवतीला (पाते पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीला) धातू कापणारे पाते लावून स्टड आणि फळी यांच्यामधील खिळे कापावेत, फळीचे दोन स्टडांच्या मध्ये तुकडे करावेत आणि पहारेने उचकटून काढावेत. काँक्रीटमध्ये अडकलेले जुने खिळे ग्राइंडरने फरशीसरसे करावेत. ते उपटण्याच्या नादात काँक्रीटचे टवके उडतात आणि नेमकी नव्या स्क्रूची जागा खराब होते.

फरशी झाडून, व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून काही दिवस वाळू द्यावी. त्यावर सिल सीलची साडेतीन इंची पट्टी आणि वर ट्रीटेड फळी बसवावी. बाजारातून आणलेली ट्रीटेड फळी बहुधा ओली असते आणि वाळताना वाकते. म्हणून ती आठ-दहा दिवस आधी आणून, मध्ये काड्या ठेवून घरातच रचून वाळवावी किंवा प्रक्रियेनंतर भट्टीत वाळवलेली, ‘केडीएटी’ शिक्क्याची घ्यावी. फळी कापल्यावर आतला फिकट भाग उघडा पडतो, कारण रसायन गाभ्यापर्यंत सगळीकडे पोहोचलेले नसते. त्या टोकाला कॉपर नॅफ्थेनेट या तांबेयुक्त कूजरोधक द्रवाचा हात द्यावा. भुसा गोळा करून टाकावा आणि हे लाकूड शेकोटीत कधीही जाळू नये. २००३ अखेरपर्यंत घरांसाठी विकल्या जाणाऱ्या जुन्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असे, त्यामुळे जुने तुकडे हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी विसरू नये.

आताच्या ट्रीटेड लाकडातील तांब्यामुळे साधे खिळे गंजतात. गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे-स्क्रूच वापरावेत. फळी शंभर वर्षे टिकली आणि खिळा दहा वर्षांत गेला तर भिंत सुटीच राहते. काँक्रीटचे पाव इंची, पावणेतीन इंच लांबीचे स्क्रू वापरताना छिद्र अर्धा इंच जास्त खोल घ्यावे आणि त्यातील भुकटी फुंकून काढावी, नाहीतर स्क्रू मध्येच अडकून मान मोडतो. फरशीत गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या असतील किंवा भिंतीलगत आतून पाणी वाहून नेणारी चर केलेली असेल, तर तेथे छिद्र पाडू नये. बांधकामाचा चिकट पदार्थ वापरावा. स्टड आणि नवी फळी यांत फट राहिली तर लाकडी पाचर मारावी, फार घट्ट झाल्यास स्टड किंचित तासावा. पाणसळ व ओळंबा लावून मगच खिळे ठोकावेत.

स्टडचे पायही कुजले असतील तर कुजीच्या वर, जेथे स्क्रूड्रायव्हर रुतत नाही तेथपासून आणखी काही इंच सोडून, ते कापावेत आणि शेजारी नवा पूर्ण उंचीचा दांडा जोडावा. सलग चार-पाच स्टडची ही अवस्था असेल तर जोडकाम करत बसण्यापेक्षा सगळी भिंत काढून नव्याने उभारणे सोपे आणि स्वस्त पडते, असा माझा अनुभव आहे.

बंद करताना काँक्रीटला लागून फोमच्या कडक पाट्या लावाव्यात, त्यांचे सांधे टेपने बंद करावेत आणि आतले प्लास्टिक परत लावू नये. फोम उघडा ठेवता येत नाही. आग लागल्यास तो धोक्याचा असल्याने त्यावर अर्धा इंची ड्रायवॉल लागतेच. भिंतीमागच्या पोकळीतून ज्वाळा छताकडे जाऊ नयेत म्हणून नियमाने लागणारे आडवे-उभे अडसर याच वेळी घालावेत. ड्रायवॉलची खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवावी. विजेच्या पेट्या गंजलेल्या आढळल्या तर त्या स्वतः न बदलता इलेक्ट्रिशियनला दाखवाव्यात.

बाहेरचे सगळे उपाय करूनही दोन-तीन पावसांनंतर फळीचा ओलावा २० च्या खाली येत नसेल तर भिंत बंद करू नये. तेथे पायाभोवती निचऱ्याची नळी आणि संप पंप यांचा विचार करावा लागतो, आणि तो खोदकामाचा खर्च अभियंत्याच्या पाहणीशिवाय करू नये.

शेवटच्या टप्प्यात, ज्या कोपऱ्यात सर्वांत जास्त कूज निघाली होती तेथील बेसबोर्डचा दोन फुटांचा तुकडा मी चिकटवत नाही, दोन स्क्रूंनी बसवतो. दरवर्षी गणपतीच्या आधी, गाद्या खाली नेण्यापूर्वी, तो काढून मापकाच्या सुया फळीत रोवाव्यात आणि आकडा त्याच तुकड्याच्या मागे पेन्सिलीने, तारखेसह, लिहून ठेवावा.